ट्राम : एक अनुदानित वाहन

अमेरिकेतील नवी ट्राम हे प्रामुख्याने अनुदानावर चालणारे वाहन आहे. तिला वीजही लागते, पण ती नंतर. तिचा मार्ग साधारण अडीच ते सहा किलोमीटरचा आणि पुष्कळदा गोल असतो, त्यामुळे एखादा प्रवासी उतरायचा विसरला तरी त्याचे फारसे बिघडत नाही. तिचा वेग मात्र पुढे कोणी तिरपी मोटार लावून कॉफी आणायला गेले आहे की नाही, यावर ठरतो. अशा वेळी बस वळसा घालून निघून जाते. ट्राम घंटा वाजवते. वाहतूक नियोजनाच्या शास्त्रात हा दोष नसून गुण मानला जातो. रूळ एकदा पडले की सहजासहजी उखडता येत नाहीत, म्हणून बिल्डरांचा त्यांच्यावर विश्वास बसतो. बसथांब्याचे काय, रातोरात खांब उपटला की विषय संपला.

रूळ उखडता येत नाहीत, हा सिद्धान्त मांडणाऱ्या देशानेच विसाव्या शतकाच्या मध्यात हजारो किलोमीटरचे रूळ उखडले होते. मोटारी वाढल्या, ट्राम कंपन्यांचे भाडे जुन्या करारांत अडकून पडले आणि एकेक शहर बसकडे वळले. 1949 मध्ये शिकागोच्या न्यायालयाने जनरल मोटर्स आणि इतर काही कंपन्यांना दोषी ठरवले. ट्राम बंद पाडल्याबद्दल नव्हे, तर देशभरच्या शहरबस कंपन्यांना बस आणि सुटे भाग विकण्याची मक्तेदारी साधण्याचा कट केल्याबद्दल. जनरल मोटर्सला 5,000 डॉलर दंड झाला. तिच्या एका अधिकाऱ्याला झाला 1 डॉलर, आणि त्याने तो कसा उभा केला असेल हे त्यालाच ठाऊक. सिनसिनाटीची ट्राम 1951 मध्ये थांबली, वॉशिंग्टनची 1962 मध्ये आणि सेंट लुइसची 1966 मध्ये. मुंबईने आपली शेवटची ट्राम 31 मार्च 1964 रोजी दादरला पोहोचवली. म्हणजे निदान या एका बाबतीत मुंबई सेंट लुइसच्या दोन वर्षे पुढे होती.

पुनर्जन्म झाला तो पोर्टलंडमध्ये, 2001 साली. तिथली ट्राम मुख्यतः स्थानिक पैशांवर उभी राहिली. पार्किंगच्या उत्पन्नावर काढलेले कर्जरोखे आणि मार्गालगतच्या मालमत्ताधारकांवरचा कर, असा तो व्यवहार होता. रुळांच्या दुतर्फा इमारती उठल्या. मग देशभरचे महापौर पोर्टलंडला अभ्यासदौऱ्यावर जाऊ लागले. त्यांनी इमारती पाहिल्या, उपाहारगृहे पाहिली, परतीच्या विमानात स्वतःच्या शहराचा नकाशा काढून त्यावर एक रेघ ओढली. कर्जरोख्यांचा भाग टिपून घ्यायचा बहुतेकांच्या हातून राहून गेला.

ती उणीव केंद्र सरकारने भरून काढली. बुश यांच्या काळात एखाद्या मार्गाला मदत देण्याआधी एक क्षुद्र प्रश्न विचारला जाई: एवढ्या डॉलरांत प्रवाशांचा वेळ किती वाचणार? ट्रामच्या बाबतीत हा प्रश्न अवघड जागेचे दुखणे होता. 2010 च्या जानेवारीत ओबामा सरकारचे वाहतूकमंत्री रे लाहूड यांनी 2005 चा हा निकष सैल केला आणि शहर किती राहण्याजोगे होईल, याचाही विचार व्हावा असे ठरवले. वेळ मोजायला घड्याळ पुरते. राहण्याजोगेपणा मोजायला सल्लागार लागतो.

जुलै 2010 मध्ये पहिला मोठा हप्ता सुटला: 53 प्रकल्पांसाठी 29 कोटी 30 लाख डॉलर. पैकी जवळपास 13 कोटी सहा प्रकल्पांना गेले, त्यांत पाच ट्राम होत्या आणि एक शिकागोचा बसमार्ग. उरलेल्या 47 बसप्रकल्पांत 16 कोटींच्या आसपास वाटले गेले. त्यांत नव्या गाड्या, थांबे, आगारे असे काहीबाही होते आणि त्यांची छायाचित्रे चांगली येत नाहीत. सहांच्या यादीत सेंट लुइस, सिनसिनाटी, शार्लट आणि फोर्ट वर्थ या चार शहरांसमोर एकच आकडा होता: 2 कोटी 49 लाख 90 हजार डॉलर. चार शहरे, चार भूगोल, चार लोकसंख्या, पण गरज मात्र शेवटच्या दहा हजारांपर्यंत एकसारखी. उलगडा सोपा आहे. अडीच कोटींच्या आत मागणाऱ्या प्रकल्पाला मोठ्या प्रकल्पांची मूल्यमापनाची चाळणी लागत नसे. त्यामुळे राष्ट्रीय वाहतूक धोरणाची किंमत बाटाच्या चपलेसारखी ठरली.

या अनुदानाचा मूळ नियम लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काही समजत नाही. केंद्राचा पैसा बांधण्यासाठी असतो, चालवण्यासाठी नाही. 1998 च्या कायद्याने दोन लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरी भागांना रोजच्या चालनखर्चासाठी मिळणारी केंद्रीय मदत जवळजवळ बंदच झाली. रूळ, खांब, तारा, डबे यांना पैसे आहेत. चालकाच्या पगाराला नाहीत. हिशेबाच्या भाषेत याला शिस्त म्हणतात. मंदीच्या काळात ही शिस्त विशेष खुलून दिसली. सेंट लुइसने मार्च 2009 मध्ये बस आणि रेल्वेसेवेचा मोठा हिस्सा कापला आणि उपनगरांतले लोक थांब्यांवर उभे राहिले ते राहिलेच. शिकागोने 7 फेब्रुवारी 2010 रोजी बससेवा 18 टक्क्यांनी घटवली, हजारावर कामगार घरी बसवले, आणि पाच महिन्यांनी त्याच शिकागोला नव्या बसमार्गासाठी 2 कोटी 46 लाख डॉलर मिळाले. जुन्या बसला चालक नव्हता, नव्या बसला मार्ग होता.

सेंट लुइसची ट्राम हा या जातीचा सर्वोत्तम नमुना असल्याने तिच्यापाशी थोडे थांबणे योग्य. डेलमार लूप हा तिथला दुकानांचा, उपाहारगृहांचा, गाण्याबजावण्याचा रस्ता. जुन्या काळी ट्राम तिथे वळसा घालून माघारी फिरे, त्यावरूनच हे नाव पडले. तिथून फॉरेस्ट पार्कमधल्या इतिहास संग्रहालयापर्यंत साडेतीन किलोमीटर जुन्या धाटणीची ट्राम न्यायची, असे ठरले. ट्राम संग्रहालयापाशी थांबवण्यातला योगायोग तेव्हा कोणाच्या ध्यानात आला नसावा. खर्च पाच कोटी डॉलरांवर गेला, त्यातला निम्म्याहून अधिक केंद्राचा. मार्गालगतच्या दुकानांतल्या खरेदीवर एक टक्का जादा कर बसला. रस्ता खणला गेल्याने त्या दुकानांत जाणे अवघड झाले, पण कर तयार होता. उद्घाटन लांबत लांबत नोव्हेंबर 2018 उजाडले. गाडी आठवड्यातून चार दिवस धावे, गुरुवार ते रविवार. सोमवारी कामावर जाणाऱ्याने आपली सोय पाहावी. तिकिटांतून जे उत्पन्न धरले होते, त्याचा दहावा हिस्साही पदरात पडला नाही. पहिल्या वर्षातच ट्राम चालवणाऱ्या संस्थेने काउंटीकडे 7 लाख डॉलर मागितले, काउंटीने हात झाडले, आणि 29 डिसेंबर 2019 रोजी ट्राम थांबली.

एरवी गोष्ट इथे संपली असती. पण केंद्राच्या अनुदानाला एक शेपूट असते: ज्या कामासाठी पैसे दिले, ते काम चालू पाहिजे, नाहीतर पैसे परत. शिवाय पुढच्या अनुदानांवर गदा येण्याची भीती. 2022 मध्ये वॉशिंग्टनहून विचारणा झाली आणि शहरात एकदम जाग आली. ट्राम कोणाला हवी आहे, हा प्रश्न गौण ठरला. ती बंद असणे कोणाला परवडत नाही, याचा हिशेब झाला. बस आणि रेल्वे चालवणाऱ्या प्रादेशिक संस्थेने तिला आधी नाकारले होते, आता तिच्याच गळ्यात ती बांधली गेली. चालवण्यासाठी पुन्हा केंद्राच्याच दुसऱ्या एका निधीतून, हवा स्वच्छ राखण्याच्या नावाखाली, दहा लाखांवर डॉलर काढले गेले. ऑगस्ट 2022 मध्ये ट्राम पुन्हा सुरू झाली, या खेपेस फुकट. केंद्राला पैसे परत करावे लागू नयेत म्हणून केंद्राच्या पैशांनी चालणारी गाडी, असे तिचे वर्णन करता येईल. थंडीत ती विश्रांती घेते.

सिनसिनाटीत नाट्य अधिक होते. 2009 आणि 2011 अशा दोन सार्वमतांत मतदारांनी ट्रामच्या बाजूने कौल दिला. मधल्या काळात ओहायोचे गव्हर्नर जॉन केसिक यांनी राज्याचे पाच कोटींवर डॉलर काढून घेतले, तेव्हा आराखड्यातून विद्यापीठाकडे जाणारा चढ गळला आणि ट्राम सपाटीवरच घुटमळत राहिली. नोव्हेंबर 2013 मध्ये जॉन क्रॅनली महापौर झाले ते ट्राम रद्द करण्याच्या आश्वासनावर. तोवर रूळ पडू लागले होते. डिसेंबरात काम थांबवून हिशेबतपासनीस बसवले. त्यांनी सांगितले, की काम सोडून देण्यालाही कोट्यवधी डॉलर लागतील, वर केंद्राचे साडेचार कोटी गमवावे लागतील ते वेगळेच. काही न बांधण्याचा खर्च बांधण्याच्या खर्चाच्या जवळ जाऊ लागला, की बांधणे हीच काटकसर ठरते. केंद्राने मध्यरात्रीची मुदत घातली. ती टळण्याआधी एका खासगी धर्मादाय प्रतिष्ठानाने चालनखर्चाची हमी दिली आणि नगर परिषदेने सहा विरुद्ध तीन मतांनी काम पुढे न्यायचे ठरवले. सप्टेंबर 2016 मध्ये 5.8 किलोमीटरच्या वर्तुळावर ट्राम धावली. टेलिफोन कंपनीने दहा वर्षांसाठी 34 लाख डॉलर मोजून तिला आपले नाव दिले. पुढे 2020 मध्ये तिकीट काढून टाकताच लोक खरोखर बसू लागले, आणि 2023 मध्ये वर्षाचे प्रवासी दहा लाखांवर गेले. टीकाकारांची यामुळे थोडी पंचाईत झाली आहे.

बाकीच्यांचे थोडक्यात उरकते. शार्लटने 2015 मध्ये अडीच किलोमीटरांवर ट्राम सुरू केली. फोर्ट वर्थने मात्र डिसेंबर 2010 मध्ये अनुदान नको म्हणून कळवले. मिळालेला पैसा नाकारण्याचा हा प्रकार इतका विरळा आहे, की त्या नगर परिषदेचा पुतळा उभारण्यासाठी कोणी अर्ज केल्यास अडीच कोटींच्या आत विचार व्हावा. शिकागोचा बसमार्ग डिसेंबर 2015 मध्ये उघडला. शहराच्या मध्यवस्तीत बसचा वेग दुप्पट करण्याचा संकल्प होता. उंच फलाटांना गाडी घासू नये म्हणून चालकांना फलाटाजवळ ताशी पाच किलोमीटरच्या आत येण्याची सूचना मिळाली, म्हणजे शेजारून चालणारा माणूस बसशी गप्पा मारत येऊ शकत होता. त्या सहांच्या यादीबाहेरच्या कॅन्सस सिटीने आपल्या मार्गालगतच्या मालमत्तांवर आणि खरेदीवर विशेष कर बसवून चालनखर्चाची तजवीज आधीच करून ठेवली. 2016 पासून तिथली फुकट ट्राम भरून वाहते आहे आणि उपहासाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे.

राहता राहिली राजधानी. वॉशिंग्टन शहराने मुख्यतः स्वतःच्या तिजोरीतून ट्राम उभारली. तीन डबे चेक प्रजासत्ताकात बनून तयार झाले, पण इकडे रूळच नव्हते, म्हणून 2009 च्या अखेरीपर्यंत ते तिकडेच राहिले. एच स्ट्रीटवर रूळ पडल्यावर चाचण्यांत ट्राम कडेच्या मोटारींना घासू लागली. पुणेकर वाचकाला या प्रसंगाचे वेगळे विवरण नको. जवळपास चार किलोमीटरांचा, वीस कोटी डॉलरांच्या घरातला हा मार्ग 27 फेब्रुवारी 2016 रोजी सुरू झाला. भाडे कधीच घेतले गेले नाही. मे 2025 मध्ये महापौर म्युरिएल बाउझर यांनी ही ट्राम बंद करून तिच्या जागी पुढच्या पिढीची ट्राम आणण्याचे जाहीर केले. पुढच्या पिढीच्या ट्रामला रूळ लागत नाहीत, ती रबरी टायरांवर धावते, वरच्या तारेतून वीज घेते आणि समोर मोटार उभी असेल तर वळसा घालून जाते. एच स्ट्रीटवर शहराची साधी बस या सगळ्या वर्षांत धावतच होती.