नवीन फोटो आढळला!

गेल्या सोमवारी मी बाथरूमच्या छताला आलेल्या ओलीचा फोटो काढला. स्टुलावर उभं राहून, एका हाताने गिझरचा पाइप धरून. खाली उतरायच्या आत मोबाइल टुणकला: 'नवीन फोटो आढळला! हा सुंदर क्षण सजवायचा?' घाईत बोट लागलं आणि वरच्या मजल्यावरून झिरपलेलं ते पाणी गुलाबी हृदयाच्या चौकटीत जाऊन बसलं.

हे अ‍ॅप मी सुनेच्या डोहाळजेवणाच्या वेळी घेतलं होतं. त्याने फोटो पाहण्याची परवानगी मागितली आणि पाहुणे दारात असल्यामुळे मी ती न वाचता दिली. तेव्हापासून गोळ्यांचं पाकीट, गॅसची पावती, टाचेचं कुरूप, काहीही टिपा, हे अभिनंदनाला हजर. घरात माझ्याकडे इतकं लक्ष दुसऱ्या कुणाचं नाही.

भाचा अ‍ॅप बनवतो. म्हणाला, "मामा, पूर्वी फोटो निघाला की अँड्रॉइडच दवंडी पिटायचं. एका फोटोपायी डझनभर अ‍ॅप एकदम जागी व्हायची, फोन गुदमरायचा. 2016 साली अँड्रॉइड 7 मध्ये ती बंद केली. आता अ‍ॅप फोटोंच्या नोंदवहीवर पहारेकरी बसवतं."

हा पहारेकरी वहीत काहीतरी हललं की ओरडतो. एकाच फोटोला कधी दोनतीनदा, कधी व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरलेल्या सुप्रभातालाही. मग फोटो कॅमेऱ्याचाच आहे का, आत्ताचाच का, हे अ‍ॅपने तारीख आणि फोल्डर पाहून ठरवायचं. आमच्या वॉचमनचंही असंच असल्याने मला फार समजवावं लागलं नाही.

उपाय म्हणून त्याने 'फक्त निवडलेले फोटो' ही सोय दाखवली. आयफोनवाल्यांना ती 2020 पासून आहे, आमच्याकडे अँड्रॉइड 14 बरोबर आली. मी उत्साहाने सरसकट सगळ्या अ‍ॅपांना लावून टाकली. त्यात सोसायटीचं तक्रारीचं अ‍ॅपही गेलं.

आता त्याला फक्त गेल्या महिन्यातली बंद लिफ्ट दिसते. नवा फोटो काढला की त्याला तो आपण होऊन दिसत नाही. परत परवानगीत जा, परत निवडा. म्हणजे ज्याला दाखवायचं नव्हतं त्याला स्टुलावरून उतरायच्या आत दिसलं, आणि ज्याच्यासाठी स्टुलावर चढलो ते लिफ्ट बघत बसलंय.

शेवटी चष्मा न लावता फोटो सोसायटीच्या ग्रुपवरच टाकला. गेला तो चौकटीतला. आतापर्यंत सात जणांनी बदाम दिलेत. पहिला वरच्या मजल्यावरच्यांचा.