मागे लागलेली ट्रॉली

ट्रॅक्टर घेताना आमच्या आबांनी कुणालाच विचारलं नाही. ट्रॉली घ्यायची म्हटल्यावर मात्र अख्खी आळी पारावर जमली. ट्रॅक्टर ज्याचा त्याचा असतो, ट्रॉली गावाची असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पहिला वाद चाकांचा. दोन चाकीवाले म्हणाले, थोडं ओझं हुकावर येतं, ट्रॅक्टरची मागची चाकं दाबून बसतात, काळ्या रानात घसरत नाहीत. चार चाकीवाले म्हणाले, हुकावर जास्त ओझं आलं की चढाला ट्रॅक्टर तोंड वर करतो. चार चाकी आपलं ओझं आपण पेलते. दोघांचंही खरं होतं, त्यामुळे वाद जेवणवेळेपर्यंत पुरला.

मी शिकलेला, म्हणून इतिहास काढला. “आबा, चाकावरच्या ओझ्याची अक्कल बार्शीला 1897 पासून आहे. कॅलथ्रॉप साहेबानं अडीच फुटी रुळांवरून कुर्डुवाडीहून बार्शीला रेल्वे आणली. त्याचा नियम असा, की एका एक्सलवर पाच टनांच्या वर ओझं नको, सगळ्या एक्सलवर सारखं वाटा. मग हलक्या रुळावरूनही भरपूर माल जातो.”

आबांनी तंबाखू मळता मळता विचारलं, “त्याला कडबा भरायचा होता का?”

मी गप्प. कडब्याला वजन थोडं आणि पसारा फार. ज्वारीचा कडबा भरलेली ट्रॉली मागून पाहिली, तर कुणाचा तरी वाडाच रस्त्यानं निघालाय असं वाटतं. मुरमाचं उलटं, ढीग दिसतो एवढासा आणि टायर बसतात. कडब्याला उंच जाळी हवी, मुरमाला जाड पत्रा, तुरीला घट्ट फाळका, आणि उसाला तो फाळका काढून ठेवायची सोय. वर्कशॉपवाल्यानं विचारलं, “नेमकं काय भरणार?” आबा म्हणाले, “सगळं.” त्यानं वहीत तेवढंच लिहून घेतलं आणि किंमत वाढवली.

शेवटी चार चाकी आली. ती रिव्हर्स घेताना कळलं, की दोन चाकी एकाच ठिकाणी मोडते, हुकाशी. चार चाकी दोन ठिकाणी मोडते, हुकाशी आणि पुढच्या चाकांच्या सांध्याशी. मी स्टेअरिंग डावीकडे फिरवलं, ट्रॉलीनं थोडा विचार केला आणि गोठ्याची भिंत निवडली. म्हैस शहाणी, मी ट्रॅक्टरवर चढताना पाहूनच ती बाहेर आली होती.

मग गाव आलं. कुणाला शेणखत टाकायचं होतं, कुणाला विटा आणायच्या होत्या. एकानं वऱ्हाडासाठी मागितली. मालाच्या ट्रॉलीत माणसं बसवायची नाहीत, म्हणून आबांनी नकार दिला. त्या घरचं आमंत्रण काही आलं नाही.

ट्रॉली घेणाऱ्यांना म्हणून एकच सांगतो. दोन चाकी घ्या नाहीतर चार चाकी, पण घरी आणायच्या आधी मागे लाल रिफ्लेक्टर लावून घ्या. रात्री बिनदिव्याची ट्रॉली रस्त्यावर कुणालाच दिसत नाही. मागायला येणाऱ्याला मात्र ती अंधारातही दिसते.