जुनी रायफल चढ्या भावाने घेण्याची शास्त्रोक्त रीत

लष्करातून बाद झालेली रायफल लायकीच्या तिप्पट पैसे मोजून घरी आणणे वाटते तितके सोपे नाही. त्याला धीर लागतो, भरलेले क्रेडिट कार्ड लागते आणि चौकशी न करण्याची शिस्त लागते. अमेरिकेतल्या हौशी संग्राहकांची मात्र 1999 पासून मोठी सोय झाली आहे. गनब्रोकरसारख्या संकेतस्थळांवर रात्री घरची मंडळी झोपल्यावर, चहाचा कप हातात घेऊन, सावकाश फसता येते.

सुरुवात रशियन मोझिन-नागांपासून करावी. हे 1891 चे मॉडेल, एकूण उत्पादन सुमारे 3 कोटी 70 लाख. 2010 च्या आसपास अमेरिकेतल्या खेळसाहित्याच्या दुकानांत ही रायफल ग्रीसने माखलेली, शंभर डॉलरच्या आत मिळत असे. संगीन आणि काडतुसांच्या पिशव्याही सोबत यायच्या. आज हीच चारशेच्या पुढे जाते आणि जाहिरातीत तिच्या नावामागे ‘दुर्मीळ’ हे विशेषण असते. पावणेचार कोटींच्या घरातली वस्तू दुर्मीळ कशी, असा प्रश्न मनात आल्यास पाणी पिऊन यावे.

किंमत ठरवण्याची पद्धत नीट समजून घ्यावी, कारण सगळी कला इथेच आहे. संकेतस्थळावर दोन प्रकारचे आकडे असतात: विकणाऱ्याने मागितलेले आणि कुणीतरी खरोखर मोजलेले. दुसरे पाहायला संपलेल्या लिलावांचे पान उघडावे लागते. ते उघडू नये. मागितलेले आकडेच बाजारभाव समजावेत. ओहायोतला विक्रेता नऊशे मागतो. तो आकडा पाहून टेक्सासमधला साडेनऊशे मागतो. टेक्सासचा पाहून ओहायोवाल्याला आपण मालाची माती केली असे वाटते आणि तो पुढच्या आठवड्यात हजार करतो. या काळात एकही रायफल विकली गेलेली नसते, तरी भाव वाढलेला असतो. अशी रायफल वर्षभर त्याच छायाचित्रांसह पुन्हा पुन्हा लिलावात दिसली, तर लोक ओळखीचा माल सोडत नाहीत असा अर्थ काढावा.

भाववाढ सगळीच खोटी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर माउझर आणि एन्फिल्ड इतक्या स्वस्त होत्या की शिकाऱ्यांनी करवत घेऊन त्यांचे दस्ते कापले. 1963 साली दुर्बिणीसकट इटालियन कार्कानो टपालाने 19.95 डॉलरला येई. राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मारेकरी ली हार्वे ऑस्वाल्ड याने मागवली ती हीच. टपालाचा तो रस्ता 1968 च्या कायद्याने बंद केला. न कापलेला माल म्हणूनच खरोखर कमी उरला आहे. पण ही माहिती आपल्याला फक्त विक्रेत्याची बाजू स्वतःला पटवण्यापुरती वापरायची आहे.

आता कहाण्या. लोखंड आणि लाकडाला मर्यादित भाव असतो, कहाणीला नसतो. जपानी अरिसाकाच्या नळीच्या मुळाशी सोळा पाकळ्यांची शेवंती, म्हणजे सम्राटाचे चिन्ह, कोरलेली असे. शरणागतीनंतर बहुतेक रायफलींवरची ती घासून टाकली गेली. शाबूत शेवंतीला जास्त पैसे देणे रास्तच. आपण घासलेल्या शेवंतीलाही द्यावेत, ‘इतिहासाची जखम’ म्हणून. स्विस के-31 च्या दस्त्याच्या टोकाच्या पत्र्याखाली कधी कधी सैनिकाच्या नावाची चिठ्ठी सापडते. विक्रेता म्हणेल, ‘मी उघडून पाहिलेले नाही.’ त्या न पाहिलेल्या चिठ्ठीचे शंभर डॉलर वेगळे धरावेत. जर्मन माउझरच्या बाबतीत ‘सगळे क्रमांक जुळतात’ हे वाक्य वाचताच बोली दुप्पट करावी. रशियनांनी युद्धात पकडलेल्या माउझर पुढे सोव्हिएत कोठारांत सुट्या करून, मिळेल त्या भागांनी पुन्हा जोडल्या आणि नवे क्रमांक विजेच्या लेखणीने कोरले. क्रमांक जुळतात ते खरेच. कर्नाटकी आंब्याच्या पेटीवर ‘देवगड’ छापल्यावर पेटी आणि पावती जुळते, तसेच.

मराठी माणसाने इशापूरच्या रायफलीकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेल्या थ्री नॉट थ्रीची ही धाकटी बहीण. पश्चिम बंगालमधल्या कारखान्याने 1960 च्या दशकात ती 7.62 नाटो काडतुसासाठी नव्याने बनवली. पुढे यातल्या बऱ्याच अमेरिकेत गेल्या. तिथे काहींच्या नळ्या आखूड करून त्यांना दुसऱ्या महायुद्धातल्या ‘जंगल कार्बाइन’चे रूप दिले गेले. अशा रायफलीवर 1966 हे साल ठळक कोरलेले असते आणि खाली वर्णनात ती ब्रह्मदेशात जपान्यांशी लढल्याचे लिहिलेले असू शकते. 1945 साली संपलेल्या लढाईला 1966 ची रायफल कशी पोचली, हे विचारू नये. उशिरा पोचली म्हणूनच ती इतकी चांगल्या स्थितीत आहे.

प्रत्यक्ष बोली. आपल्या मनातली मर्यादा कागदावर लिहावी आणि कागद हरवावा. शेवटच्या क्षणी बोली लावून बाजी मारण्याचा डाव इथे चालत नाही. अखेरच्या पंधरा मिनिटांत बोली आली की लिलावाची वेळ वाढते. ही सोय विक्रेत्यासाठी आहे असे काहींना वाटते. आपण ती आपल्याला आणखी पैसे घालवण्याची मुदत समजावी. समोरचा अनामिक माणूस दहा डॉलर वाढवतो तेव्हा रायफल बाजूला राहते आणि प्रश्न घराण्याच्या अब्रूचा होतो. इथे थांबणारा माणूस संग्राहक होऊ शकत नाही.

जिंकल्यावर पाठवणीचा खर्च, कार्डावरचा अधिभार आणि परवानाधारक दुकानदाराचे हस्तांतरण शुल्क निघते. संग्राहकाचा सरकारी परवाना तीन वर्षांसाठी 30 डॉलरला मिळतो आणि 50 वर्षांहून जुनी रायफल त्यावर थेट घरी येते. तो काढू नये, पैसे वाचतात. तसेच अमेरिकी लष्कराची एम-1 गॅरंड हवी असल्यास, लष्कराच्या जुन्या रायफली विकणाऱ्या सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रामकडे जाऊ नये. तिथे दर्जा आणि किंमत आधीच छापलेली असते, आणि आपल्याला अंगावर काटा आणणारे काहीच उरत नाही.

भारतातल्या वाचकांना ही रीत वापरता येणार नाही. थ्री नॉट थ्री आपल्याकडे नागरिकांसाठी प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. 1959 च्या शस्त्र कायद्याने आपले किती पैसे वाचवले, याचा हिशेब ज्याने त्याने करावा आणि उरलेल्या रकमेचे काय करायचे ते बायकोला सांगू नये.