तुमचा मुलगा पाण्याखाली बरा आहे

सनीवेल, कॅलिफोर्निया
रविवार

ती. आई आणि बाबा यांस,


फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलत होतात, मागे टीव्ही चालू होता, आणि ‘सिलिंडर’ शब्द कानावर पडताच आईंनी फोनच ठेवला. म्हणून पत्र लिहितेय. पत्रात मध्येच कुणाला बोलता येत नाही.

तर आधी सिलिंडरचं. तो ऑक्सिजनचा नव्हता. स्कूबाच्या टाकीत साधी हवा असते, तुम्ही-आम्ही घेतो तीच, गाळून, कोरडी करून आणि दोनशेपट दाबाने कोंबून भरलेली. अभिजितला काहीही झालेलं नाही. उलट तो, मी आणि ओम असे तिघंही ‘ओपन वॉटर डायव्हर’ ही पहिली परीक्षा पास झालो आहोत. आता अठरा मीटर खोलीपर्यंत मास्तरांशिवाय जायची आम्हाला मुभा आहे.

हे खूळ कुणाचं, असा तुमचा प्रश्न होता. तुमच्या नातवाचं. इथे दहा वर्षं पूर्ण झाली की मुलांना हे शिकता येतं, पण पंधरा पूर्ण होईपर्यंत सोबत या परीक्षेचं कार्ड असलेलं मोठं माणूस हवं. ओम बारा वर्षांचा. त्याने हा नियम शोधून काढला आणि एका रात्री जेवताना आमच्यापुढे मांडला. म्हणजे शिकायचं त्याला आणि बुडायचं आम्ही!

मला अभिजितचीच धास्ती होती. घरातून निघताना गॅसचा नॉब तीनदा बघितल्याशिवाय ज्याच्या हातून कुलूप लागत नाही, तो समुद्राच्या तळाशी काय करणार? पहिल्याच दिवशी तब्येतीचा फॉर्म आला. दमा, कानाचं ऑपरेशन, हृदय, साखर. यातल्या एकाला जरी ‘हो’ आलं की डॉक्टरची सही आणायची. अभिजितची सगळी उत्तरं ‘नाही’ होती, तरी तो खुशीने डॉक्टरकडे जाऊन सही घेऊन आला.

मग पोहण्याची परीक्षा. दोनशे मीटर पोहायचं, वेळेचं बंधन नाही, पद्धतीचंही नाही. नंतर दहा मिनिटं नुसतं तरंगायचं. बाबा, पाठीला पत्र्याचा डबा बांधून तुम्ही त्याला कृष्णेत ढकललं होतंत, ते इथे फळाला आलं. तो अजून घाटावरच्यासारखाच मान वर काढून, दोन्हीकडे बघत पोहतो. शेजारच्या लेनमधल्या बाईंनी विचारलं, तुमचं कुणी हरवलंय का?

आई, तुमच्या योगवर्गाचा हिशोबही देते. मास्कमध्ये पाणी शिरलं की वर यायचं नसतं. तिथेच नाकाने फुंकून ते खालच्या बाजूने बाहेर घालवायचं. नाकात पाणी गेलं की इथली माणसं घाबरतात. तुमच्या मुलाला लहानपणापासून जलनेतीची सवय, त्याने शांतपणे मास्क भरला आणि शांतपणे रिकामा केला. जलनेतीला पैकीच्या पैकी. कुंभकाला मात्र शून्य, कारण श्वास कधीही रोखायचा नाही हा या विद्येतला पहिला नियम. दहा मीटर खाली पाण्याचा आणि वातावरणाचा मिळून दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. तिथे छातीभर घेतलेली हवा वर येताना फुगत फुगत दुप्पट होते. ती कोंडून ठेवली तर फुप्फुसच फाटायचं.

बाबा, तुम्हाला व्हॉल्व्हची गोष्ट आवडेल. तोंडात धरायचा रेग्युलेटर आपण ओढू तेवढीच हवा सोडतो, आणि तीही भोवतालच्या पाण्याच्या दाबाने. १९४३ मध्ये फ्रान्सात कुस्तो नावाचा नौदल अधिकारी आणि गान्याँ नावाचा इंजिनिअर यांनी तो जमवला. युद्धात पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी गॅसवर चालवायचा व्हॉल्व्ह गान्याँने केला होता, तोच पुढे माणसाच्या तोंडाला लागला. साखर कारखान्याच्या बॉयलरवर तुम्ही जन्मभर जे सांभाळलंत, त्यातलाच हा एक धाकटा भाऊबंद म्हणायचा.

तलावातल्या सरावात एक घोटाळा झाला. पाण्याखाली सगळं हातवाऱ्यांवर चालतं. आमच्या मास्तरीणबाईंनी खुणेने विचारलं, ठीक आहेस ना? आता सांगलीचा माणूस ‘उत्तम’ कधी म्हणतो? अभिजितने पंजा आडवा धरून डावी-उजवीकडे हलवला: चाललंय, बरंय. डायव्हिंगच्या भाषेत या खुणेचा अर्थ ‘काहीतरी बिघडलंय’ असा होतो. बाई झेपावत आल्या, त्याची हवा बघितली, नळ्या बघितल्या, कान बघितले. तो हात हलवतच राहिला.

मास्कची काच धुकट होऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून खंगाळायची असते. ओमला हे फारच आवडलं. घराबाहेर कुठेही थुंकायचं नाही हे आम्ही बारा वर्षं शिकवलं, ते एका मिनिटात पुसलं गेलं.

समुद्रातल्या चार बुड्या मॉन्टेरीला झाल्या, इथून दीडेक तासावर. कॅलिफोर्निया म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे ऊन येतं, पण तिथलं पाणी दहा ते पंधरा अंशांत असतं. म्हणून सात मिलिमीटर जाड रबरी सूट, टोपी आणि हातमोजे. दोन नंबर लहान अभ्र्यात उशी कोंबावी तसे आम्ही एकमेकांना त्यात कोंबले. एवढं रबर घातलं की माणूस बुडतच नाही, म्हणून कमरेला शिसं बांधायचं, वर पाठीला टाकी. एवढं सगळं लादून वाळूतून पाण्यापर्यंत चालत जायचं, हाच काय तो कष्टाचा भाग.

पण खाली! केल्प नावाचं समुद्री शेवाळ तळापासून पृष्ठभागापर्यंत उभं वाढतं, चांगल्या दिवसांत रोज फूटभर किंवा त्याहून जास्त. त्याच्या दांड्यांमधून फिरताना वरून ऊन झिरपतं. तिथल्या बंधाऱ्याजवळ पांढऱ्या समुद्रफुलांचा मोठा ताटवा आहे. दिसायला फूल, पण तो प्राणी. झुबक्यांनी पाण्यातलं अन्न पकडतो. बंधाऱ्याच्या टोकाला समुद्रसिंह लोळत असतात आणि एकसारखे भुंकतात. पाण्याखालीही ते ऐकू येतं. किनाऱ्याच्या रस्त्यावर एकेकाळी तारल्या डब्यात भरायचे कारखाने होते. मासा संपला, कारखाने बसले. आता तिथे हॉटेलं आहेत आणि मोठं मत्स्यालय आहे. बाबा, जन्म कारखान्यात गेलेल्या तुम्हाला यात नवल वाटणार नाही.

हवा संपली तर काय, हा आईंचा प्रश्न. आधी जोडीदाराकडे मागायची. प्रत्येकाकडे दुसऱ्यासाठी एक जादा रेग्युलेटर असतोच. जोडीदारही लांब असेल तर तोंडाने सलग ‘आऽऽ’ करत, हवा सोडत, सावकाश वर यायचं. परीक्षेत ते करून दाखवावं लागतं. ओमचा ‘आ’ मध्येच तुटला. अभिजितने मात्र मिरजेच्या गाण्याच्या क्लासातला आकार असा लावला की तळापासून वरपर्यंत स्वर हलला नाही. त्या क्लासची फी तुम्ही अजून काढता, आता काढू नका.

आणि हे मला सांगायचंच आहे: तो आमच्यात पहिला आला. मला वाटलं होतं, हे धाडसी लोकांचं काम असेल. तसं मुळीच नाही. हे काळजीखोर लोकांचं काम आहे. उतरण्याआधी एकमेकांचं जॅकेट, वजन, पट्टे, हवा तपासायची. अभिजितने माझं तीनदा तपासलं. दर थोड्या वेळाने हवेचा काटा बघायचा. त्याला गॅसच्या नॉबच्या बदली हा काटा मिळाला. वर येताना घाई नाही, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. अभिजित पाच मिनिटंसुद्धा थांबेल. घरात ज्या स्वभावाला आम्ही हसतो, त्याच्याबद्दल बाईंनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

शार्कचं खोटं सांगत नाही. त्या उपसागरात पांढरे शार्क आहेत. पण आई, कृष्णेत मगरी आहेत, आणि तरी सांगलीची मंडळी पहाटे पोहायला जातातच ना?

कुलकर्ण्यांचा मुलगा मालवणात अर्ध्या तासात स्कूबा करून आला आणि इथे एवढा खर्च का, असं बाबा म्हणाले. त्याला तिथे एकाने धरून फिरवलं. ती ओळख झाली, शिक्षण नव्हे. शिकायचं तर तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं केंद्र आहेच. आम्ही डिसेंबरात येतोय, तेव्हा कार्डं घेऊन तिकडे जाणार आहोत. तुम्हीही चला, किनाऱ्यावर बसा.

फक्त एक करा. अनेक बुड्या झाल्या की विमानात बसण्याआधी किमान अठरा तास जमिनीवर काढावे लागतात, नाहीतर रक्तातला नायट्रोजन त्रास देतो. अभिजित चोवीस धरणार हे तुम्हाला माहीत आहेच. तेव्हा परतीच्या आदल्या दिवशी आम्ही दिवसभर मोकळे आहोत, जेवणं त्याच दिवशी ठेवा, असं सगळ्या काकांना आत्ताच कळवा.

तुमची,
मेधा