तीन किलोचा लांडगा

लहान जातीच्या कुत्र्याचं पोट बिघडण्याची कारणं पुष्कळ आहेत. त्यांतलं अलीकडे फोफावलेलं कारण म्हणजे त्याच्या मालकाने केलेलं वाचन. कुत्रा हा मुळात लांडगा, लांडगा कच्चं मांस खातो, सबब पॉमेरेनियननेही कच्चं मांस खावं, असा हा सिद्धांत. ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ साली ‘गिव्ह युअर डॉग अ बोन’ हे पुस्तक लिहून त्याला ग्रंथरूप दिलं. कच्चं मांस, मांसासकट कच्ची हाडं, थोडी कलेजी, थोडा भाजीपाला असा हा आहार. तो जगभर पसरला आणि यथावकाश पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतही पोचला. ज्या घरात अंडं उकडायलासुद्धा गॅलरीत वेगळी शेगडी असते, त्या घराच्या फ्रीजरमध्ये आता उकडीच्या मोदकांच्या पिठामागे कोंबडीच्या माना सापडतात.

लांडगा पाहायला परदेशी जावं लागत नाही. सासवड-बारामतीकडच्या माळरानांवर तो अजून टिकून आहे. रात्रीत कोसच्या कोस चालतो, धनगराच्या कळपातली शेळी पळवतो, मिळेल तेव्हा पोटाला तड लागेपर्यंत खातो, न मिळाल्यास दिवसच्या दिवस उपाशी काढतो आणि दहा वर्षांचा क्वचितच होतो. पॉमेरेनियन सोफ्यावरून गॅलरीत जातो, खालच्या कुरिअरवाल्यावर भुंकतो, दमून परत येतो आणि बारा ते सोळा वर्षं जगतो. दोघांचे पूर्वज एकच, यात वाद नाही. पण मधल्या हजारो वर्षांत बरंच पाणी वाहून गेलं. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिलं, की पिष्ट पचवणाऱ्या रसाच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उकिरड्याशी आणि भाकरतुकड्याशी संसार थाटल्यावर पोटानेही नवी घडी बसवली, ती अशी. कुत्र्याला कोणी वंशावळ विचारलेली नाही. त्याला पोळीचा तुकडा चालतो.

म्हणून कच्चं मांस त्याला पचत नाही असं मात्र नव्हे. चांगलं पचतं, शी कमी होते, घट्ट होते, हा मालकांचा अनुभव प्रयोगांतही बऱ्याच अंशी खरा ठरला आहे. शिवाय लहान कुत्र्याच्या बाबतीत निसर्गाने हात आखडता घेतलेला नाही: त्याची पचनसंस्था शरीराच्या वजनाच्या सुमारे ७ टक्के भरते, महाकाय जातींत ती ३ टक्क्यांच्याही खाली जाते. अडचण टक्केवारीत नसून किलोत आहे. ३ किलोचे ७ टक्के म्हणजे २१० ग्रॅम. चूक सामावून घ्यायला इथे जागाच नाही.

कच्च्या आहाराचा रूढ हिशोब असा, की रोज वजनाच्या दोन ते तीन टक्के अन्न द्यावं. ३ किलोच्या कुत्र्याला ६० ते ९० ग्रॅम. चिकनच्या दुकानात हा हिशोब कसा वाजतो, ते ऐकण्यासारखं असतं. “दादा, माना द्या दोन.” “दोन किलो?” “नाही, दोन माना.” दादा सुरा ठेवतात, काउंटरवरून वाकून खाली बघतात, तिथे पट्ट्याच्या टोकाला एक कापसाचा बोळा उभा राहून गुरगुरत असतो. “घेऊन जा ताई, पैसे राहू द्या.” कातडीसकट मोठी मान म्हणजे या बोळ्याचा निम्मा दिवस. तीन किलोंच्या मानाने कलेजीचा एक जादा तुकडा ही मेजवानी ठरते, आणि त्याच संध्याकाळी गालिच्यावर तिचा पुरावा मिळतो. लॅब्राडॉरने तेवढी कलेजी खाल्ली असती तर ती त्याच्या लक्षातही राहिली नसती. हाडांचंही तेच. ती जास्त झाली की शी पांढरी, खडूसारखी होते आणि कुत्रा अंगणात पाठीची कमान करून बराच वेळ विचारमग्न उभा राहतो. अजिबात नसली की कॅल्शियम कमी पडतं. सगळं ग्रॅमच्या काट्यावर मोजायला हवं, आणि घरात चालतो तो चिमटीचा अंदाज.

हाड पचेल की नाही हा पुढचा प्रश्न. आधी ते पोटात पोचायला हवं. लहान टेरियर आणि शिह त्झू यांचा चावण्यावर फारसा विश्वास नसतो. शेजारच्या खोलीतून कोणी येऊन घास हिरावेल या भीतीने ते गिळून मोकळे होतात. अन्ननलिका छातीत शिरते तिथे, हृदयाजवळून जाते तिथे आणि पोटाच्या पडद्याअलीकडे अरुंद असते. हाड अडकतं ते या तीनांपैकी एका ठिकाणी. लाळ गळते, कुत्रा सारखा आवंढा गिळतो, मान ताणतो, प्यायलेलं पाणी लगेच बाहेर येतं. अशा वेळी घरी केळं किंवा भाताचा गोळा चारून हाड खाली ढकलायचा उपाय हमखास सुचवला जातो. तो करू नये. हाड काढायला दुर्बीण लागते, आणि उशीर झाला तर नलिकेला भोक पडतं. कच्चं हाड शिजवलेल्याइतकं फुटत नाही, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. अडकण्यात मात्र ते कमी नाही.

स्वादुपिंडाची सूज हे लहान जातींचं खास दुखणं. चरबीदार घास हे त्याचं एक निमित्त. मिनिएचर श्नाउझरच्या रक्तात मुळातच चरबी जास्त असते, यॉर्कशायर टेरियरही या यादीत वर आहे. त्यांना कातडीसकट कोंबडी किंवा मटणाची चरबी भरपूर मिळाली की पोट असं दुखतं, की कुत्रा पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर धरतो. योगासनांत या अवस्थेला कुत्र्याचंच नाव आहे. त्यामुळे ‘आमचा योगी’ असा मजकूर लावून हा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातो आणि खाली पंधरा-वीस जण हात जोडतात. खेळायला बोलावणारा कुत्राही असाच वाकतो, पण क्षणभर, शेपटी हलवत. न खाता, न खेळता, पुन्हा पुन्हा वाकणाऱ्याला दवाखाना हवा असतो.

आता जंतू. फ्रीजरमध्ये ठेवलं की सगळं निर्जंतुक होतं, ही समजूत पदवीधर घरांतही आहे. थंडीने साल्मोनेला बहुतांशी झोपतो, मरत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात प्राण्यांसाठी विकल्या जाणाऱ्या कच्च्या अन्नाचे १९६ नमुने तपासले. १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया सापडला. धडधाकट कुत्र्याला त्याचं काही होईलच असं नाही. तो जंतू शीतून बाहेर टाकतो, त्याच तोंडाने स्वतःला स्वच्छ करतो आणि मग आजोबांच्या गालाचा मुका घेतो. घरात जुलाब होतात ते आजोबांना, आणि संशय घेतला जातो पाणीपुरीवर. कॅम्पायलोबॅक्टर हा कोंबडीतला दुसरा पाहुणा. मेलबर्न विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात त्याचा आणि कच्च्या कोंबडीचा संबंध कुत्र्यांच्या एका पक्षाघातासारख्या आजाराशी जोडला गेला. मागच्या पायांपासून सुरू होणारी ही दुर्बलता बहुतेक कुत्र्यांत ओसरते, पण त्यात आठवडे, कधी महिने जातात.

एकाएकी रक्ताचे जुलाब होणं हा प्रकार यॉर्कशायर, माल्टीज, मिनिएचर पिन्शर अशा छोट्यांत जास्त. याचं खापर कच्च्या मांसावरच फोडणं अन्यायाचं होईल. पाकिटातलं खाणाऱ्यांनाही तो होतो. मात्र सकाळी ठणठणीत असलेला कुत्रा संध्याकाळी पाणी कमी होऊन आडवा पडतो, आणि सलाईन लागतं. पोट बिघडलं की लंघन, हा आजीबाईंच्या बटव्यातला पहिला उपाय. मोठ्या कुत्र्याला तो एखाद्या वेळी चालूनही जातो. चिवाव्वाच्या पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा इतका जुजबी असतो, की काही तास उपाशी राहिलं तरी ते थरथरतं, झोकांड्या खातं, बेशुद्धही पडू शकतं. रिकाम्या पोटी पहाटे पिवळा फेस ओकणाऱ्याला लांडग्यासारखा एकदाच न वाढता तीन-चार वेळा थोडं थोडं वाढलं, की बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

निदानाची पहिली पायरी म्हणजे “शी कशी होती?” हा प्रश्न. यासाठी पशुवैद्यांकडे एक ते सात अशी क्रमवार मोजपट्टी आहे. मराठी माणसाची मोजपट्टी स्वयंपाकघरात तयार होते: “परवा श्रीखंड होतं डॉक्टर, काल रात्रीपासून बासुंदी.” यावर डॉक्टरांचा त्या दिवसापुरता गोडावरचा विश्वास उडतो. पुरावा म्हणून मोबाइल पुढे येतो, आणि भाच्याच्या मुंजीचे भिक्षावळीपर्यंतचे फोटो सरकवल्यावर तो नेमका फोटो सापडतो. डॉक्टर तो मोठा करून, आडवा करून, शांतपणे पाहतात. यात हसण्यासारखं काही नाही. फोटो खरोखर उपयोगी पडतो.

अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०१२ पासून कच्च्या मांसाविरुद्ध सल्ला दिला आहे, आणि छोट्या कुत्र्यांपुरता तरी तो रास्त आहे. उलट्या थांबत नसतील, शीमध्ये रक्त असेल, पोटाला हात लावू देत नसेल किंवा पिल्लू सुस्तावलं असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये आणि माणसांची कुठलीही गोळी देऊ नये. आहार बदलायचाच असेल तर आठवडा-दहा दिवस घेऊन हळूहळू बदलावा. मांस शिजवलं की जंतू मरतात, प्रथिनं राहतात. कुत्र्याने त्याबद्दल तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. शिजवलेली हाडं मात्र काढून टाकावीत, कातडी आणि चरबीही काढावी, आणि हाडांच्या बदल्यात कॅल्शियम किती घालायचं ते डॉक्टरांना विचारून घ्यावं.