धीर आमचा, क्लब त्यांचा

बीदरहून बंगळुरू सातशे किलोमीटरच्या आसपास, हैदराबाद दीडशेच्या आत. त्यामुळे भालकी, औराद, हुमनाबादच्या फुटबॉलवेड्यासाठी घरचा म्हणावा असा इंडियन सुपर लीगमधला (आयएसएल) क्लब एकच होता, हैदराबाद एफसी. आणि तो आला होता कुठून? पुण्याहून. एफसी पुणे सिटी 2019 मध्ये पैशाअभावी बंद पडला, त्याच्या जागेवर हा उभा राहिला. बरेच खेळाडू तेच, कोच फिल ब्राऊनही तोच. भाषेनं पुणं जवळचं, रस्त्यानं हैदराबाद. सीमाभागातल्या माणसाला याहून जुळणारं दुसरं काय हवं?

पहिल्या हंगामात 18 सामने, 2 विजय, 10 गुण, सगळ्यात तळाला. ब्राऊनना हंगाम संपायच्या आत घरी पाठवलं. मग अल्बर्ट रोका यांची नेमणूक झाली, पण नवा हंगाम सुरू व्हायच्या आधीच त्यांना बार्सिलोनाचं बोलावणं आलं आणि ते गेले. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मनोलो मार्केझ आले. आता हे किती दिवस टिकतात, हाच पहिला प्रश्न होता.

मार्केझनी नावाजलेल्यांच्या मागे न लागता पोरांना खेळवलं. आकाश मिश्रा, आशिष राय, हितेश शर्मा, गोव्याचा लिस्टन कोलासो. पहिल्या वर्षी पाचवा नंबर, बाद फेरी थोडक्यात हुकली. वर लिस्टन कोलकात्याला विकला गेला. शंका यायलाच हवी होती आणि आली. पोरं घडवायची आपण आणि जिंकायचं कोलकात्यानं? पण मैदानावर टीम कशी खेळतेय ते ज्यानं डोळे उघडे ठेवून पाहिलं, त्याला गुणतक्त्यापलीकडचं दिसत होतं. मूग सत्तर दिवसांत घरात येतो, तुरीला पाच-सहा महिने लागतात, हे कलबुर्गीच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

20 मार्च 2022, गोव्यातलं फातोर्डा, आयएसएलची फायनल. समोर केरला ब्लास्टर्स, आणि स्टेडियम जवळजवळ सगळं पिवळं. हैदराबाद 0-1 नं मागे. 88 व्या मिनिटाला राखीव बाकावरून आलेल्या साहिल ताव्होरानं चेंडू जमिनीला टेकू न देता असा काही मारला की गोलकीपर नुसता झेपावला. मग पेनल्ट्या. लक्ष्मीकांत कट्टीमनीनं त्यातल्या तीन अडवल्या. आडनाव आमच्या सीमेवरचं वाटावं असं, माणूस गोव्याचा. 3-1 नं जिंकून हैदराबाद चॅम्पियन. कोविडमुळे ती दोन्ही वर्षं सगळे सामने गोव्यातच झाले. हैदराबादला गचीबोवलीच्या स्टेडियममध्ये बसून यातलं काहीच कुणाला पाहता आलं नाही, तरी लोकांनी टीम सोडली नाही.

पुढच्या हंगामात दुसरा नंबर. त्यानंतर मार्केझ गोव्याला गेले आणि क्लबची तिजोरी उघडी पडली. खेळाडूंचे पगार थकले. फिफानं नवे खेळाडू घ्यायला बंदी घातली. बहुतेक परदेशी खेळाडू हंगामाच्या मध्यातच निघून गेले. मणिपूरचे थांगबोई सिंगटो कोच म्हणून उभे राहिले ते जवळजवळ पोरासोरांची टीम घेऊन. 2023-24 मध्ये 22 सामन्यांत एकच विजय, 8 गुण. त्या माणसाला शिव्या घालणाऱ्यांचा मला आजही राग येतो. पगार न मिळालेल्या ड्रेसिंग रूममधून दर आठवड्याला अकरा जण मैदानात उतरवणं हेच केवढं काम! पुन्हा नव्यानं बांधणी होईल, धीर धरा, असं आम्हीच एकमेकांना सांगत राहिलो. मालक बदलले. आणि 2025 मध्ये क्लबनं बाडबिस्तरा गुंडाळला, दिल्लीला गेला, नावही बदललं. आता तो स्पोर्टिंग क्लब दिल्ली आहे. पुणं, हैदराबाद, दिल्ली. प्रत्येक मुक्कामी प्रेक्षक मागे राहिले.

म्हणून कोचवर शंका घेण्याआधी मालकावर घ्या. इंग्लंडमधल्या आर्सेनलनं कोच आर्तेताला सलग दोनदा आठव्या नंबरावर राहूनही ठेवलं, पुढे तीन वर्षं लागोपाठ दुसरा नंबर आला. तिथे पगार वेळेवर होते, म्हणून धीर फळला. एवढ्या लांब जायचीही गरज नाही. भारताचे कोच होते हैदराबादचेच सय्यद अब्दुल रहीम. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियानं भारताला 10-1 नं चिरडलं, आपले बरेच खेळाडू अनवाणी होते. त्याच रहीमसाहेबांच्या हाताखाली 1956 ला मेलबर्नमध्ये चौथा नंबर आणि 1962 ला जकार्तात आशियाई सुवर्ण. बीदर, कलबुर्गी ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच संस्थानातला हा माणूस. आमच्या पोरांना आर्तेता माहीत आहे, रहीम माहीत नाहीत, याची मला खंत आहे.

जर्मनीत नियम आहे की क्लबमधली निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडेच हवीत, त्यामुळे सभासदांना डावलून कुणा धनिकाला क्लब उचलून नेता येत नाही. आपल्याकडे लगेच तेवढं नाही जमणार. पण फुटबॉल महासंघानं दोन गोष्टी आजच कराव्यात: खेळाडूंचे पगार थकवणाऱ्या क्लबला परवाना देऊ नये आणि प्रेक्षकांना न विचारता कुठल्याही क्लबचं गाव बदलू देऊ नये.