फेस आला, मळ कुठे गेला?

फेब्रुवारी उलटला की मोबाईलमधली माणसं हातात फवाऱ्याची बाटली घेऊन हसायला लागतात. हिवाळा संपला, घर ताजंतवानं करा, तेही कमी खर्चात! करू की. पण हिवाळा होता कधी?

मुंबईत तो चार सकाळींचा असतो. त्यातल्या दोन फोटो काढण्यात जातात. स्वेटर माळ्यावरून उतरतो, एका लग्नाला जाऊन येतो आणि परत माळ्यावर. नाशिक-नागपूरकरांनी हसू नये. तुमची थंडी खरी, कबूल. पण दुपारी खिडक्या तुमच्याही उघड्याच असतात.

वसंतातल्या साफसफाईची ही टूम ज्या थंड देशांतून आली, तिथे महिनोन्‌महिने खिडक्या बंद, आत कोळशाची शेगडी आणि भिंतींवर काजळी. ऊन आलं, खिडकी उघडली की घरातली घाण दिसायची. आपल्याकडे घाण कोंडून राहत नाही. रोज ताजी येते.

घरपोच. विनामूल्य.

ऑक्टोबरात पाऊस गेला की पुढचे महिने बहुतेक कोरडे. थंडीत हवा जमिनीलगत बसून राहते, सोबतीला धूळ. आणि धुळीचा अखंड पुरवठा करायला समोरचा पुनर्विकास आहेच. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम काढला, की ७० मीटरपेक्षा उंच बांधकामाभोवती किमान ३५ फूट उंच पत्रे हवेत. इमारतीला कापड किंवा ताडपत्रीही गुंडाळायची. नियम चांगला आहे. कापडही आहे. टीव्हीवर बोट फिरवून बघा, धूळही आहे.

पण थांबा. दिवाळीला तर केली होती ना साफसफाई?

केली होती म्हणजे काय केलं होतं, ते आठवा. दिवाणखान्यातलं बेडरूममध्ये गेलं, बेडरूममधलं पलंगाच्या पोटात गेलं, पोटात न मावलेलं माळ्यावर गेलं. एक वस्तू घराबाहेर पडली नाही. हिला साफसफाई म्हणत नाहीत. ही बदली झाली.

आता याच घराला कमी खर्चात ताजं करायचं तर सल्लागारांचा पहिला सल्ला काय? डबे आणा. पारदर्शक डबे, कापडी खोके, खणात बसणारे कप्पे, दारामागे लटकणारे खिसे. नको असलेल्या वस्तू ठेवायला नवीन वस्तू. पसारा तोच, फक्त आता त्याला झाकण आहे.

आणि झाकणाची किंमत वेगळी.

जपानच्या मेरी कोंडोबाईंचं नाव या विषयात निघणारच, तर घेऊनच टाकू. वस्तू हातात घ्या, आनंद होत असेल तर ठेवा, नाहीतर निरोप द्या. २०१९च्या जानेवारीत त्यांची मालिका नेटफ्लिक्सवर आली आणि जगभरातल्या कपाटांना धडकी भरली. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी ऑनलाइन दुकान काढलं. कशाचं? वस्तूंचं! पुढे तिसरं मूल झाल्यावर, २०२३ मध्ये, त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकलं, की आता घर तितकंसं आवरलेलं नसतं, मुलांसोबतचा वेळ महत्त्वाचा. बाई प्रामाणिक निघाल्या. त्यांचे इथले शिष्य अजून टी-शर्टच्या घड्या करतायत.

शिवाय मराठी घरात ही कसोटी चालायची नाही. इथे वस्तू हातात घेतली की आनंद होतो का, असं कोणी विचारत नाही. इथे एकच वाक्य असतं. ‘असू दे, कधीतरी लागेल.’ त्या ‘कधीतरी’च्या भरवशावर अर्ध्या महाराष्ट्राचे माळे तग धरून आहेत. तारीख अजून जाहीर झालेली नाही.

बरं, सामान राहू दे. डाग तरी काढू. इथे सोडा-व्हिनेगर संप्रदाय पुढे येतो. सिंकमध्ये खाण्याचा सोडा टाका, वर व्हिनेगर ओता आणि बघा जादू! फसफस, फेस, टाळ्या.

जादू नाही हो. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं उदासिनीकरण आहे ते. आम्ल आणि आम्लारी एकमेकांना भेटले, भांडले आणि थंड पडले. उरलं काय? हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि थोडंसं सोडियम अ‍ॅसिटेट. दोघंही कामाचे होते, दोघांनाही तुम्ही कामाला लागण्याआधीच निवृत्त केलंत.

वेगवेगळे वापरले असते तर? चिमणीच्या स्टीलच्या जाळीवरच्या तेलकट चिकट्याला सोडा चालतो. त्यातही खाण्याचा नव्हे, धुण्याचा. गरम पाण्यात घालून जाळी बुडवून ठेवायची आणि आपण चहा प्यायचा. नळावरच्या, बादलीवरच्या त्या पांढऱ्या खरखरीत थराला आम्ल लागतं. बोअरच्या आणि टँकरच्या जड पाण्यातले क्षार असतात ते. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवा किंवा लिंबाची पिळलेली साल घासा. झालं. यात फेस नाही, फसफस नाही, व्हिडिओही होत नाही.

म्हणून कोणी सांगत नाही.

लिंबाला आपल्याकडे देवाच्या खालोखाल मान. नैसर्गिक आहे ना! म्हणून लोक ते कडप्प्याच्या ओट्यावर घासतात. कडप्पा, शहाबादी, कोटा ही सगळी चुनखडीच्या जातीची मंडळी, संगमरवरही त्याच नात्यातला. आम्ल लागलं की चुनखडी विरघळते. डाग गेला की नाही माहीत नाही, पॉलिश मात्र नक्की जातं. मग ओट्याला पुन्हा पॉलिश करणारा माणूस शोधा. चार रुपयांच्या लिंबाने केलेली बचत त्याच्या मजुरीत मोजून घ्या.

संडास-बाथरूमवाल्यांची तऱ्हा आणखी न्यारी. एका बाटलीने काम होतंय, तर दोन ओतल्या की दुप्पट होईल! ब्लीच आणि टॉयलेटचं अ‍ॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्रजवळ हाच वायू सैनिकांवर सोडला होता. त्यांना निदान पळायला मैदान होतं. तुम्ही तीन बाय चारच्या संडासात, कडी लावून.

डाग गेले असं समजू. आता सुवास. लव्हेंडर, सागरी वारा, पहिला पाऊस… पावसाला बाटलीत भरलंय आणि बाटली संपली की पाऊसही संपतो. उंदीर मेलाय कपाटामागे आणि आपण त्याच्यावर मोगरा फवारतोय. खिडकी उघडा ना! तिला रिफिल लागत नाही.

ऊन तर त्याहून स्वस्त. गोधड्या, गाद्या, उशा, रजया दिवसभर कडक उन्हात टाकायच्या, मधे एकदा उलटायच्या, संध्याकाळी काठीने झोडपायच्या. दमट वास जातो, धूळ जाते, झोडपणाऱ्याचा रागही जातो. आजीला हे ठाऊक होतं. कापडात कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवायचा, हेही तिला ठाऊक होतं. आता तोच पाला पुडीत घालून, पुडीला रेशमी दोरी बांधून, दोरीला किंमत लावून मिळतो.

पण ऊन आणायचं कुठून? गॅलरी होती, ती खोलीत घेतली. गच्ची आहे, तिची किल्ली सेक्रेटरीकडे आहे. सेक्रेटरी पुण्याला मुलीकडे आहेत. आणि गच्चीच्या दारावर पाटी आहे, की इथे कपडे वाळत घालू नयेत. एकेकाळी याच दिवसांत त्या गच्चीवर कुरडया, पापड आणि गोधड्यांची जागेवरून भांडणं व्हायची. आता तिथे मोबाईलचा टॉवर वाळत घातलाय. भाडं सोसायटीला मिळतं, ऊन त्याला मिळतं.

भिंतींचंही तेच. पूर्वी पाडव्याआधी चुन्यात चिमूटभर नीळ घालून भिंतींना हात मारायचे. चुना जात्याच आम्लारीधर्मी, बुरशीला तिथे मुक्काम करणं जड जायचं. मग आपण प्लॅस्टिकचा रंग लावला, म्हणजे त्यावर आता चुना धरतही नाही. भिंतीला ओल आली, पोपडे आले. आता बाजारात श्वास घेऊ देणारा रंग आलाय म्हणे. दर ऐकलात?

भिंत श्वास घेते, मालक सोडतो.

या सगळ्यात एकच साफसफाई अशी आहे, की जिच्यात पैसे जात नाहीत, उलट येतात. भंगारवाला. रद्दी, लोखंड, तांबं, फुटलेली बादली, बंद पडलेला मिक्सर, सगळ्याचा भाव तो जागेवर सांगतो. पण त्याच्यापुढे मिक्सर ठेवला की घरातल्या ज्येष्ठांना कंठ फुटतो. ‘मोटर चांगली आहे त्याची!’ मोटर चांगली आहे, भांडं फुटलंय, झाकण हरवलंय, वायर उंदराने खाल्लीय. बाकी मिक्सर उत्तम. परत माळ्यावर.

सिंकखालचं दार उघडा. तिथे एक पिशवी आहे, तिच्यात पिशव्या आहेत. महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली मार्च २०१८ मध्ये. तुमच्या सिंकखाली अजून बंदीपूर्व काळ सुरू आहे. पुरातत्त्व खात्याला कळवायला हरकत नाही.

होळीत टाकू, असं म्हणणारे आहेतच. टाकायचे पूर्वी मोडके पाट, कुजकी लाकडं. आताचं फर्निचर भुसा, डिंक आणि प्लॅस्टिकच्या पापुद्र्याचं. ते जाळलं की धूर होतो, धूर वर जातो, वरून खाली येतो आणि कालच पुसलेल्या पंख्यावर बसतो. पंख्याचं बरं लक्षात आलं. तो सगळ्यात शेवटी पुसायचा अशी आपल्याकडे प्रथा आहे. नवी चादर घातल्यानंतर.

आणि घराच्या उंबऱ्याबाहेर? तिथे सफाई संपते, नागरिकत्वही संपतं. जिन्यातल्या कोपऱ्यात पानाच्या पिंका, त्यावर देवाच्या फरश्या, फरशीच्या कडेने पुन्हा पिंका. २३ फेब्रुवारीला गाडगेबाबांची जयंती येते, नेमकी हिवाळा सरताना. हा माणूस गावात शिरला की आधी झाडू हातात घ्यायचा, दिवसभर गाव झाडायचा आणि मग रात्री कीर्तनात गावकऱ्यांची डोकी झाडायचा. त्याच्या नावाने सरकारने ग्रामस्वच्छता अभियान काढलं, तेही चांगलं केलं. जयंतीला आपण काय करतो? फोटोला हार घालतो, नवे झाडू आणतो, झाडूंसकट फोटो काढतो. हाराची गळून पडलेली पानं कोण झाडतं?

तोच प्रश्न घरातही विचारू. ‘कमी खर्चात’ म्हणजे कोणाच्या खर्चात?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये लोकांचा दिवस कसा जातो ते मोजलं. घरातल्या बिनपगारी कामात बायकांची दिवसाला २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. आणि ही ९७ मिनिटं जे काम करतात त्यांची. जे करतच नाहीत, ते या सरासरीत नाहीतच, ते सोफ्यावर आहेत. २०२४ मध्ये पुन्हा मोजलं. बायका २८९ वर आल्या. वा, दहा मिनिटं वाचली! पुरुषांचं काय? ८८.

त्यांनीही नऊ वाचवली.

पुरुष काहीच करत नाहीत, असं मात्र म्हणू नये. ते स्टूल धरतात. बायको स्टुलावर, हातात ओलं फडकं, मान वर, डोळ्यांत जाळं. नवरा खाली, एक हात स्टुलाला, दुसऱ्या हातात मोबाईल. संध्याकाळी तो फोनवर मित्राला सांगतो, ‘अरे, आज दिवसभर घर काढलं आम्ही.’

त्यापेक्षा बाहेरचे बोलवावेत, असंही एक मत असतं. डीप क्लीनिंगवाला येतो, गणवेशात. टॅबवर घर मोजतो, हजारांतला आकडा सांगतो, वर जीएसटी. आपण समजूतदारपणे मान डोलावतो. घासाघीस कशी करणार? गावंढळ दिसू.

तेच पंखे, त्याच जाळ्या, तोच माळा कामाच्या ताई करते म्हणाल्या आणि वरचे पाचशे मागितले, की घरातलं अर्थखातं तातडीच्या बैठकीला बसतं. ‘पाचशे? पंखे तर चारच आहेत! हल्ली यांचं फार झालंय.’ चर्चेच्या दोन फेऱ्या होतात. शेवटी ठरतं, तीनशे रुपये, चहा आणि एक जुनी साडी.

साडी तशीही माळ्यावरून काढायचीच होती.